ओसरीवरून : एक हार माफ

आमची भाची ओमाहा नांवाच्या गांवीं राहते. हें गांव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेब्रास्का संस्थानांत, मिसूरी नदीच्या कांठीं आहे. जांवई तेथें नोकरीस आहेत. दरसाल जून महिना उजाडला, कीं तिचा निरोप ठरलेला : “मामा, आमच्या गांवची जत्रा भरली. यंदां तरी या.” ही जत्रा कोणा देवाची नव्हे. सबंध देशांतील महाविद्यालयांच्या बेसबॉल-संघांचे अखेरचे सामने ओमाहास होतात, त्यांची ही जत्रा. तिकडे त्यांस ‘कॉलेज वर्ल्ड सीरीज’ म्हणतात. नांवांत ‘वर्ल्ड’ असलें तरी जग त्यांत नाहीं. अमेरिकेंतील कॉलेजें तेवढीं आहेत. उत्सवाच्या नांवांत अतिशयोक्ति हा अलंकार क्षम्यच मानावा लागतो.

ज्यानें सारा जन्म रूपावलि आणि समासचक्र यांत घालविला, मॅट्रिकपलीकडे ज्याची मजल गेली नाहीं, अशा निवृत्त मास्तरास हें खूळ कोठून लागलें, असें वाचक विचारतील. त्याचें खरें उत्तर लेखाच्या अखेरीस यावयाचें आहे. तूर्त एवढेंच सांगतों, कीं खेळापेक्षां त्या सामन्यांच्या एका नियमानें मला गुंतविलें. आणि तो नियम समजून घेतां घेतां स्वतःचें एक जुनें देणें ध्यानांत आलें.

प्रथम खेळाची तोंडओळख करून घेऊं. ज्या घरांत क्रिकेट कळतें, त्या घरास बेसबॉल कळण्यास अर्धा तास पुरे. मैदानांत एक चौकोन असतो. त्याच्या चार कोनांवर चार तळ असतात. एका तळापासून पुढचा तळ ९० फुटांवर. त्यांपैकीं एक घरचा तळ. तेथें फलंदाज उभा राहतो. त्याच्यासमोर ६० फूट ६ इंचांवर चेंडू फेकणारा. त्यास पिचर म्हणतात. चेंडूचा टप्पा पाडावयाचा नाहीं, तो थेट फेकावयाचा. फलंदाजाच्या मागें कॅचर बसलेला असतो. मारण्याजोगे तीन चेंडू वायां घालविले, कीं फलंदाज बाद. आणि तीन फलंदाज बाद झाले, कीं संघाची पाळी संपली. अशा प्रत्येकीं नऊ पाळ्या. फलंदाज चेंडू मारून धांवत सुटतो, तीन तळांस शिवतो आणि पुन्हां घरच्या तळास पोंचतो, तेव्हां एक धांव होते. चेंडू कुंपणाबाहेर गेला तर त्यास होमरन म्हणतात. चेंडू आखलेल्या रेषेच्या बाहेर उडाला, तर तो फाउल. परंतु असा बाहेरचा चेंडूहि जमिनीस टेकण्यापूर्वीं कोणीं झेलला, तर फलंदाज बाद होतो. वाचकांनीं हा शेवटचा नियम लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

या सामन्यांचा आरंभ १९४७ सालीं मिशिगन संस्थानांतील कॅलमझू या गांवीं झाला. अखेरच्या झुंजीस कॅलिफोर्निया आणि येल हे दोन संघ आले व कॅलिफोर्नियानें विजय मिळविला. येलच्या संघांत पहिल्या तळावर उभा राहणारा विद्यार्थी महायुद्धांतून परत आलेला होता. त्याचें नांव जॉर्ज बुश. १९४८ सालीं तो येलचा कर्णधार झाला. त्याच वर्षीं जूनमध्यें बेसबॉलचा विख्यात फलंदाज बेब रूथ यानें आपल्या आत्मचरित्राचें हस्तलिखित येल विद्यापीठास अर्पण केलें, तें मैदानावर कर्णधाराच्या नात्यानें बुशनेंच स्वीकारलें. रूथ त्या वेळीं कर्करोगानें खंगलेला होता. ऑगस्टमध्यें तो निवर्तला. त्या साली येल पुन्हां अखेरपर्यंत पोंचलें आणि पुन्हां हरलें. या खेपेस सदर्न कॅलिफोर्नियाकडून. हाच बुश पुढें १९८९ सालीं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. ओळीनें दोन वर्षें अगदीं शेवटच्या पायरीवरून परत फिरलेला मुलगा एवढ्या पदास पोंचला, हें मी आमच्या घरांत मुद्दाम मोठ्यानें वाचून दाखविलें. कां, तें पुढें कळेल.

१९४९ चे सामने विचिटा येथें झाले आणि १९५० पासून ते ओमाहास आले, ते तेथेंच राहिले. २०२० सालीं महामारीमुळें तेवढे ते भरले नाहींत. २०१० पर्यंत हे सामने ज्या मैदानावर झाले, तें १९४८ सालीं बांधून पुरें झालेलें होतें. १९६४ सालीं त्यास रोझेनब्लाट यांचें नांव देण्यांत आलें. हे गृहस्थ ओमाहाचे नगराध्यक्ष होते. सामने गांवीं आणून ते टिकविण्यासाठीं ते झटले होते. २०११ पासून शहराच्या मध्यभागीं सुमारें २४ हजार प्रेक्षकांच्या नव्या मैदानावर हे सामने होतात. जुन्या मैदानाची जागा शेजारच्या प्राणिसंग्रहालयाकडे गेली. परंतु ओमाहाच्या लोकांनीं तेथें चौकोनाची एक लहान प्रतिकृति राखून ठेवली आहे. भाची सांगते, कीं म्हातारीं माणसें नातवंडांस घेऊन तेथें येतात आणि तळांवरून त्यांस धांवावयास लावतात. आठहि संघांस गांवांतील एकेक सेवामंडळ आपलेसें करून घेतें व पाहुण्या विद्यार्थ्यांचें आतिथ्य करतें. देवस्थान नसलेल्या गांवासहि वारी लाभूं शकते, ती अशी.

आतां तो नियम. आपल्याकडील बहुतेक सामन्यांत जो हरला तो घरीं गेला. तेथें तसें नाहीं. १९९९ पासून ६४ संघ निवडले जातात. त्यांचे चार-चारांचे १६ गट पाडतात. गटांत एकदां हरलेला संघ बाहेर पडत नाहीं. दोनदां हरला तरच त्याचें आटोपलें. गटांतून निघालेल्या १६ संघांच्या आठ जोड्या होतात. प्रत्येक जोडींत तीनांपैकीं दोन सामने जिंकेल तो पुढें जातो. असे आठ संघ ओमाहास येतात. तेथें पुन्हां चार-चारांचे दोन गट आणि पुन्हां तोच नियम : एक हार माफ, दुसरी नाहीं. दोन्ही गटांचे विजेते शेवटीं परस्परांशीं भिडतात. २००३ पासून तेथेंहि तीनांपैकीं दोन जिंकावे लागतात.

ही माफी मात्र फुकटची नव्हे. जो संघ पहिल्याच सामन्यांत हरतो, त्यास हरलेल्यांच्या वेगळ्या वाटेनें जावें लागतें. न हरलेले विश्रांति घेत बसलेले असतात, तेव्हां यास खेळावें लागतें. याच्या पिचरांचे खांदे दुखत असतात. यापुढें प्रत्येक दिवस शेवटचा असूं शकतो, हें प्रत्येकास ठाऊक असतें. झालेली हार पुसली जात नाहीं; ती खांद्यावर घेऊन पुढें चालण्याची मुभा मिळते. चूक अजिबात न क्षमणारा न्याय निर्दय होतो, आणि चुकीची किंमतच न मागणारा न्याय पोकळ होतो. या दोहोंमधली वाट एखाद्या स्मृतिकारानें नव्हे, खेळ भरविणाऱ्या मंडळींनीं काढावी, याचें मला कौतुक वाटलें.

या वाटेनें गेलेल्यांच्या कथा ऐकण्यासारख्या आहेत. २००८ सालीं फ्रेझ्नो स्टेट नांवाचा संघ आपल्या चारांच्या गटांत चवथ्या मानाचा, म्हणजे अगदीं तळचा, धरला गेला होता. ओमाहास पोंचून अखेरच्या झुंजींत जॉर्जियाविरुद्ध तो पहिला सामना ७-६ असा हरला. दुसऱ्यांत आरंभींच पांच धांवांनीं मागें पडला. आणि मग १९-१० असा जिंकला. तिसराहि ६-१ असा जिंकून त्यानें विजेतेपद घेतलें. त्या निर्णायक सामन्यांत सहाहि धांवा ज्याच्या फटक्यांनीं झाल्या, त्या स्टीव्ह डेटवायलर या खेळाडूच्या अंगठ्याचा स्नायुबंध फाटलेला होता. आणि शेवटचा झेलहि त्यानेंच घेतला. त्या संपूर्ण हंगामांत हा संघ ४७ सामने जिंकला आणि ३१ हरला. एकतीस वेळां हरलेला विजेता ! आमच्या पाठशाळेंत एकतीस वेळां चुकणाऱ्यास गुरुजींनीं काय म्हटलें असतें, तें येथें छापण्याजोगें नाहीं.

२०२५ च्या जूनमध्यें आर्कान्सॉचा संघ ओमाहास पहिला सामना हरला. दुसरा हरला असता, तर सामान बांधावें लागलें असतें. त्या दिवशीं गेज वुड या त्यांच्या पिचरनें मरे स्टेट संघास सबंध नऊ पाळ्यांत एकहि यशस्वी फटका मारूं दिला नाहीं. एकोणीस फलंदाज त्यानें निव्वळ चेंडूनें चकवून परत पाठविले. आठव्या पाळींत एका फलंदाजाच्या अंगास चेंडू लागून तो तळावर गेला, एवढेंच काय तें वैगुण्य. ओमाहाच्या सामन्यांत असा पराक्रम १९६० नंतर कोणीं केला नव्हता. आणि तो घडला हरलेल्यांच्या वाटेवर. पुढें आणखी दोन सामने होऊन आर्कान्सॉ बाहेर पडलें, विजेतेपद लुइझियाना स्टेटनें आठव्यांदां मिळविलें. पण तो दिवस कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं.

हरणाऱ्याच्या मोठेपणाची आणखी एक कथा आहे. २१ मे १९८१ रोजीं, याच राष्ट्रीय सामन्यांच्या पहिल्या फेरींत, न्यू हेवन येथील मैदानावर येल आणि सेंट जॉन्स यांची गांठ पडली. येलचा पिचर रॉन डार्लिंग यानें अकरा पाळ्यांत एकहि फटका लागूं दिला नाहीं. परंतु सेंट जॉन्सच्या फ्रँक व्हायोला यानेंहि येलला एक धांव करूं दिली नाहीं. बाराव्या पाळींत एक हलकासा चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडला. धांवणारा पहिल्या तळावर पोंचला, त्यानें दुसरा तळ चोरला, तिसरा चोरला आणि शेवटीं घरहि गांठलें. येल १-० हरलें. पण तो पहिला फटका लागतांच प्रतिपक्षाचे खेळाडू उभे राहिले आणि त्यांनीं डार्लिंगसाठीं टाळ्या वाजविल्या. त्या दिवशीं प्रेक्षकांत जो वुड नांवाचा ९१ वर्षांचा वृद्ध बसला होता. १९१२ सालीं धंदेवाईक बेसबॉलमध्यें ३४ सामने जिंकणारा हा पिचर पुढें येलचा शिक्षक होता. त्याच्या शेजारीं बसून रॉजर एंजेल या लेखकानें तो सामना पाहिला व त्यावर लिहिलेला निबंध त्या देशांत अद्याप वाचला जातो. डार्लिंग आणि व्हायोला दोघेहि पुढें नामांकित झाले आणि कांहीं काळ न्यूयॉर्कच्या एकाच संघांतून खेळले.

यावरून तेथें सारेंच सोंवळें आहे, असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. हे खेळाडू नांवाचे विद्यार्थी, परंतु त्यांच्याभोंवतीं पैशाचा फेरा मोठा आहे. पूर्वीं एका कॉलेजास बेसबॉलसाठीं पुऱ्या ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि ती सत्तावीस मुलांत वांटावी लागे. त्यामुळें कित्येकांस फीचा थोडाच भाग मिळे. २०२१ पासून स्वतःच्या नांवावर जाहिरातीचें द्रव्य घेण्याची विद्यार्थ्यांस मुभा मिळाली. २०२५ पासून कॉलेजेंहि खेळाडूंस थेट द्रव्य देऊं शकतात. तीन वर्षें झालीं, कीं धंदेवाईक संघ चांगल्या मुलांस निवडून नेतात. पदवी कधीं मिळते, कधीं राहून जाते. साधनांचाहि अतिरेक झाला. १९७४ पासून लांकडाऐवजीं ॲल्युमिनियमची बॅट वापरण्यास परवानगी मिळाली आणि फटके इतके वाढले, कीं १९९८ चा अखेरचा सामना सदर्न कॅलिफोर्नियानें २१-१४ असा जिंकला. शेवटीं बॅटच्या उसळीवर निर्बंध घालावे लागले. २०११ पासून ते अधिक कडक झाले. सांगावयाचें तें इतकेंच, कीं माणसांनीं चालविलेल्या कोणत्याहि गोष्टींत असतात ते दोष तेथेंहि आहेत. एक हार माफ करणारा नियम त्या दोषांतहि टिकून आहे, म्हणून तो मला अधिक मोलाचा वाटतो.

आतां मूळ गोष्टीवर येतों. जून महिना ओमाहास जत्रेचा, तसा आमच्याकडे निकालांचा. गेल्या खेपेस आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत मागें पडला. घरांत कोणी त्यास रागें भरलें नाहीं. भरलें असतें तर बरें झालें असतें. घरांत जी शांतता पसरली, ती सुतकासारखी होती. वहिनी त्याच्या ताटांत न बोलतां वाढीत. बंधु पेपर तोंडापुढें धरून बसत. शेजारीं पेढे आले, ते कोणीं मुलाच्या दृष्टीस पडूं दिले नाहींत. आणि ते दडवून ठेवल्याचें त्यास अर्थातच कळलें. मुलगा माडीवरून खालीं येईनासा झाला.

भाचीनें सामने पाहण्यासाठीं दुवा पाठविला होता. तो उघडण्याची कला मला नाहीं. मीं त्या मुलास हांक मारली, “अरे, हें जरा लावून दे.” काकांचें काम म्हणून तो आला आणि बसला. दोन दिवसांत त्यास माझ्यापेक्षां अधिक कळूं लागलें. मग त्यानें जुने सामने काढून दाखविण्यास आरंभ केला. त्यांत २०१८ चा एक होता.

त्या वर्षीं अखेरच्या झुंजीस आर्कान्सॉ आणि ओरेगन स्टेट हे संघ आले. ओरेगन स्टेट ओमाहास पहिलाच सामना हरून, हरलेल्यांच्या वाटेनें वर आलेलें. अखेरच्या झुंजींतला पहिला सामना आर्कान्सॉनें ४-१ असा जिंकला. २७ जूनला दुसरा. नवव्या पाळींत आर्कान्सॉ ३-२ असें पुढें होतें. ओरेगनचे दोन फलंदाज बाद झालेले, एक गडी तिसऱ्या तळावर. आणखी एक बाद झाला, कीं आर्कान्सॉस जन्मांतलें पहिलें विजेतेपद मिळणार. फलंदाजानें चेंडू उंच उडविला, तो रेषेच्या बाहेर. झेलला तर सामना संपला. उजव्या बाजूचा दूरचा क्षेत्ररक्षक, पहिल्या तळाचा रक्षक आणि दुसऱ्या तळाचा रक्षक, तिघेहि धांवले. तिघेहि चेंडूपाशीं पोंचले. आणि चेंडू तिघांच्या मधोमध जमिनीवर पडला.

त्याच फलंदाजानें मग फटका मारून बरोबरी केली. पाठोपाठच्या फलंदाजानें होमरन मारला. ओरेगन स्टेट ५-३ असें जिंकलें. दुसऱ्या दिवशीं त्यांच्या केव्हिन एबल या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानें आर्कान्सॉस सबंध सामन्यांत दोनच फटके मारूं दिले, शेवटचे वीस फलंदाज ओळीनें बाद केले आणि ५-० असें विजेतेपद नेलें.

चेंडू जमिनीवर पडला त्या ठिकाणीं मुलानें चित्र थांबविलें. थोडा वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “काका, पुढें कोण जिंकलें तें मला ठाऊक आहे. या तिघांचें पुढें काय झालें?”

साठ-पासष्ट वर्षांत मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले आहेत. इतक्या नेमक्या जागीं लागलेला प्रश्न आठवत नाहीं. त्याचें एक उत्तर आम्हीं दोघांनीं मिळून शोधलें : दुसऱ्या दिवशीं तिघेहि पुन्हां त्याच मैदानावर उतरले. मुलास एवढें पुरेसें वाटलें असावें. मला मात्र वाटलें नाहीं. कारण मला दुसराच एक मुलगा आठवला होता.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शाळेचा क्रिकेट-संघ आंतरशालेय सामन्यास गेला होता. व्यायामशिक्षक आजारी होते, म्हणून मुलांबरोबर मला पाठविलें. नववींतील एका मुलाच्या हातून शेवटच्या षटकांत झेल सुटला आणि आम्ही हरलों. दुसऱ्या दिवशीं संस्कृतच्या तासास मी पंचमी विभक्ति शिकवीत होतों. जेथून कांहीं तरी दूर जातें, तेथें पंचमी. झाडावरून पान पडतें, हें नेहमींचें उदाहरण. मीं त्या मुलास उभें केलें आणि नवें उदाहरण फळ्यावर लिहिलें : हस्तात् कन्दुकः पतति. हातांतून चेंडू पडतो. वर्ग खदखदां हंसला. मलाहि आपल्या चातुर्याचा आनंद वाटला. त्या दिवसापासून शाळा सोडीपर्यंत त्या मुलास सर्व जण ‘पंचमी’ म्हणत. तो पुन्हां मैदानावर दिसला नाहीं. संस्कृतच्या तासास शेवटच्या बांकावर बसूं लागला. दहावीस त्यानें संस्कृत सोडलें. हें सर्व माझ्या डोळ्यांसमोर घडलें आणि त्या वेळीं त्यांत मला कांहींच विशेष दिसलें नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं एका मुंजींत तो भेटला. चांगल्या हुद्द्यावर आहे, केस पांढरे होऊं लागले आहेत. वांकून नमस्कार केला. मीं ओळखलें नाहीं. तेव्हां हंसून म्हणाला, “सर, मी पंचमी.” मीहि हंसलों. पंगत उठली, आम्ही आपापल्या घरीं गेलों. खरें नांव सांगितल्यास मास्तरांस ओळख पटणार नाहीं, म्हणून इतक्या वर्षांनीं त्यास तेंच नांव सांगावें लागलें, हें त्या दिवशीं माझ्या ध्यानांतहि आलें नाहीं. तें ध्यानांत आलें त्या थांबविलेल्या चित्रापाशीं, पुतण्याचा प्रश्न ऐकतांना.

झेल सुटला हा त्याचा प्रमाद एका क्षणाचा होता. मीं त्याचें व्याकरण केलें आणि तो कायमचा करून ठेवला. ओमाहाच्या नियमानें त्यास दुसरा सामना मिळाला असता. मीं त्याच्यासाठीं तो ठेवलाच नाहीं.

मीं त्यास पत्र लिहिलें आहे. त्यांत त्याचें खरें नांव, आडनांवासकट, पूर्ण लिहिलें. झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. यावेंच, असा माझा हक्कहि नाहीं. हरलेल्यांच्या वाटेनें जाणाऱ्यास वाट पाहावी लागते, हें मीच वर लिहिलें आहे.

पुतण्याविषयीं सांगावयाचें, तर त्यानें पुन्हां परीक्षेस बसण्याचें ठरविलें. तो उत्तीर्ण होईल कीं नाहीं, हें मी ज्योतिषी नसल्यानें सांगूं शकत नाहीं. परंतु तो माडीवरून खालीं येऊं लागला. वहिनींसहि मीं एक सांगितलें आणि त्यांनीं तें मानलें : पुढल्या खेपेस शेजारचे पेढे आले, तर ते दडवूं नयेत. ते मुलाच्याच हातीं द्यावे आणि त्यासच घरांत वांटावयास सांगावे. दुसऱ्याच्या जयाचा पेढा खाण्याइतकी ताकद ज्याच्यांत शिल्लक आहे, तो पुरता हरलेला नसतो.

ज्या घरांत निकाल वाईट लागेल, तेथील वडीलधाऱ्यांस माझी हात जोडून विनंति आहे, कीं त्या दिवशीं मुलास बोल लावूं नये. पण मौनहि धरूं नये. त्यास कांहीं तरी काम सांगावें. भाजी आणावयास पाठवावें, देवाचीं फुलें काढावयास सांगावीं, नाहीं तर म्हाताऱ्या काकांचा फोन लावून द्यावयास सांगावा. आणि मुख्य म्हणजे त्यास त्याच्या नांवानेंच हांक मारावी.